डोक्यापाशी बसणारा

मला स्ट्रेचरला बांधलं तेव्हा सकाळचे सव्वानऊ झाले होते आणि मला काहीएक झालेलं नव्हतं. दोन प्लेट उप्पीट हाणून आलेला, पंच्याऐंशी किलोचा, ठणठणीत माणूस. पण बचावकामाच्या सरावाला कुणीतरी पेशंट व्हावं लागतं, आणि त्या रविवारी सगळ्यांच्या नजरा माझ्या पोटावर येऊन थांबल्या. "तूच पड की," आमचे सुभेदार म्हणाले. "तू वर आलास तर कोण पण येतंय."

जागा म्हणजे बेळगावबाहेरची बंद पडलेली दगडाची खाण. चाळीसेक फुटांची उभी भिंत, तळाला साचलेलं हिरवं पाणी, वरच्या अंगाला रताळ्याचं शेत. छातीवरून, कमरेवरून, मांड्यांवरून, पोटऱ्यांवरून पट्टे आवळले. हात आत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलाच्या गुंडाळ्या आणि कपाळावरून आडवी पट्टी. मान हलू नये म्हणून हे सगळं करतात, ते मीच नव्या पोरांना शिकवलेलं होतं. पण टॉवेल कानांवर बसला की जग किती लांब जातं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. समोर फक्त आभाळ, त्यात एक घार, आणि माझ्या नाकाच्या रेषेत वर गेलेला एक पांढरा दोर.

वीसेक फूट वर गेलो आणि अडकलो. स्ट्रेचरचं डोक्याकडचं टोक एका कंगोऱ्याखाली घुसलं होतं. मला ते कळत होतं, कारण प्रत्येक ओढीला कपाळावरची पट्टी करकरत होती. वरच्यांना ते दिसत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की भार वाढलाय, म्हणून ते आणखी जोर लावत होते. "जग्ग, जग्ग!" एक जण ओरडत होता. दुसरा "थांब, थांब!" आणि तिसरा, उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा कोर्स करून आलेला, "होल्ड!" जग्ग म्हणजे आमच्याकडच्या कन्नडात ओढ. मराठी कानाला ते 'जग' असं ऐकू येतं. म्हणजे वरून माणसं मला 'जग, जग' असं ओरडून सांगत होती आणि त्याच जोरात माझं डोकं दगडात घालत होती.

अकरा मिनिटं लोंबकळलो. नाकावर माशी बसली. ती उडवायला हात नव्हता. दोर माझ्या ओळखीचा होता, कॅराबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचं, मळसूत्र मी स्वतः फिरवून बघितलं होतं, गाठी बांधणारी पोरं माझ्या हाताखाली शिकलेली. तरी पाचव्या मिनिटाला पोटात खड्डा पडला. आणि मग लक्षात आलं की या सगळ्या आरडाओरड्यात माझ्याशी कुणी एक शब्दसुद्धा बोललेलं नाही.

वर आल्यावर सुभेदारांनी विचारलं, "दोर कसा वाटला?" मी म्हटलं, "दोर झकास. पण कोण बोललं नाही माझ्याशी." सगळे फिदीफिदी हसले. फक्त सिस्टर हसल्या नाहीत.

सिस्टर म्हणजे आमच्यातल्या एक वॉर्डातल्या नर्स. रात्रपाळी करून थेट खाणीत येतात, डबा खाऊन झाडाखाली वीस मिनिटं डुलकी काढतात आणि मग कुणाच्या पट्ट्याची गाठ कुठे चुकली ते डोळे चोळत सांगतात. त्या म्हणाल्या, "वॉर्डात नवीन पेशंट आला की बीपी बघायच्या आधी आम्ही त्याचं नाव विचारतो. तुम्ही लोक आधी गाठ बघता."

आमच्या ग्रुपला धड नाव नाही. व्हॉट्सॲपवर 'रविवार खाण' असं आहे, आणि त्यावरून एकदा वाळू-खडी पाहिजे म्हणून एका कॉन्ट्रॅक्टरचा मेसेज आला होता. यादीत बावीस माणसं, हाकेला धावणारी चौदा-पंधरा. सुभेदार फौजेतून निवृत्त. आमच्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे गल्लीगल्लीत एक तरी सुभेदार असतोच. बाकी दोघं गाडी चालवतात, एकाचं खानापूर रोडला पंक्चरचं दुकान, दोन कॉलेजची पोरं, एक तलाठी, आणि उद्यमबागेतल्या कारखान्यांतले आम्ही चौघं. मी मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्नियर आणि गेज. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आमच्यातल्या काहींनी ट्रॅक्टरच्या ट्यूबवरून माणसं काढली होती. काढली म्हणजे नशिबाने निघाली. पाणी ओसरल्यावर सुभेदारांनी सगळ्यांना घरी बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "परत असं कराल तर एक दिवस तुम्हालाच काढायला लागंल. शिका आधी."

पाण्यातला त्यांचा पहिला धडा काठीचा. आधी काठी पुढे कर. काठी पोचत नसेल तर दोर फेक. दोर पोचत नसेल तर ट्यूब नाहीतर होडी. स्वतः उडी मारायची ती सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नाहीच. पट्टीच्या पोहणाऱ्याला हे पटवणं सगळ्यात अवघड जातं. आमच्यातल्या दोघांना अजून पटलेलं नाही. त्यांना काठावर दोर धरायला ठेवतो.

आमच्या मुलखाची रचनाच अडचणीची. बेळगावातून जांबोटीच्या रस्त्याने निघालं की शेतं हळूहळू संपतात, झाडी दाटते, कणकुंबीला पाऊस अंगावर कोसळायला लागतो आणि चोर्ल्याला जमीनच संपते. कणकुंबीची मलप्रभा पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते, आणि त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. एका डोंगरावरचं पाणी दोन समुद्रांना जातं. माणसाचंही तसंच. चोर्ल्याच्या कड्यावर कर्नाटकात पाय घसरला तर माणूस खाली गोव्यात सापडतो. चंदगडकडे सुंडी, किटवाड हे धबधबे महाराष्ट्रात, पण बघायला जाणारे बहुतेक बेळगावचे, आणि जखमी माणूस दवाखान्यात येतो तोही बेळगावलाच. जंगलातून ११२ फिरवलं तर कुठल्या राज्याचा टॉवर पकडलाय त्यावर फोन कुठे वाजणार ते ठरतं. एकदा दरीच्या तळाशी एक देह पडलेला, वर आम्ही दोर लावून तयार, आणि दोन बाजूंचे वर्दीतले लोक मोबाईलवर नकाशा मोठा करून करून हद्द बघत उभे. तास गेला. त्या माणसाला आता घाई नव्हती, हे खरं. पण त्याचा भाऊ तिथेच दगडावर बसलेला होता.

बहुतेक वेळा आम्ही उशिराच पोचतो. त्याबद्दल फार लिहीत नाही. धबधब्याच्या पायथ्याशी पाणी वरून आदळतं आणि आतल्या आत मागे वळतं, त्या भोवऱ्यात देह फिरत राहतो, दोन-तीन दिवसांनी फुगून वर येतो. गावातल्या म्हाताऱ्यांना हे आमच्याहून चांगलं ठाऊक असतं. ते नातेवाइकांना बाजूला नेऊन सांगतात, "उद्या नाहीतर परवा." आमचं काम तेवढे दिवस काठावर थांबणं.

एक गोष्ट मात्र बोलायची आहे. पेपरात 'सेल्फीच्या नादात' असं छापून येतं ना, ते मला वाचवत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये किटवाडला बेळगावच्या चार मुली बुडाल्या. पावसाळा सरलेला, पाणी कमी, ऊन पडलेलं. अशा वेळी तिथे धोका आहे असं कुणाला वाटेल? शेवाळ वाळत आलेलं असतं तेव्हा वरून दगडासारखं दिसतं आणि खाली लोण्यासारखं असतं. मी एकोणीस वर्षांचा असताना अशाच एका खडकावरून सात-आठ फूट घसरलो आणि एका करवंदीच्या जाळीत अडकलो. जाळी होती म्हणून आज हे लिहितोय. माझ्या हातात तेव्हा मोबाईल नव्हता, कॅमेरा नव्हता, काहीच नव्हतं. होती ती फक्त मस्ती. त्यामुळे आता पावसाळ्यात वनखातं बंदी घालतं आणि पोरं आडवाटेने घुसतात, तेव्हा मला राग येतो आणि लगेच ती जाळी आठवते.

तर त्या 'जग्ग'चा निकाल लावायला हवा होता. सरावाच्या पुढच्या रविवारी अर्धा तास फक्त भाषेवर गेला. आमच्यात निम्मे घरात मराठी बोलतात, निम्मे कन्नड, आणि बहुतेक जण एका वाक्यात दोन्ही. नोव्हेंबरच्या एक तारखेला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनी, आमच्यातले काही काळा दिवस पाळून दंडाला काळी फीत बांधतात आणि काही लाल-पिवळा झेंडा गाडीला लावतात. त्या दिवशी ग्रुपवर कुणी काही टाकत नाही. 'गुड मॉर्निंग'सुद्धा नाही. नंतरच्या रविवारी सगळे परत खाणीत. त्यामुळे हुकूम कुठल्या भाषेत द्यायचा हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नव्हता. तलाठ्याने सुचवलं की इंग्रजीत देऊ या, कुणाची तक्रार नको. पण पंक्चरवाला म्हणाला, "घाबरल्यावर मला इंग्रजी कळत नाही." यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

मग सुभेदारांनी खिशातून शिट्टी काढली. एक फुंक म्हणजे थांबा. दोन म्हणजे वर. तीन म्हणजे खाली. चार म्हणजे दोर मोकळा. लांबच लांब फुंक म्हणजे काहीतरी बिघडलंय. दोरावर काम करणारे बरेच जण हेच वापरतात, कारण धबधब्याच्या आवाजात कुठलीच भाषा ऐकू येत नाही. आणि सगळ्यात सोपी खूण थांबण्याची, हे मला फार आवडलं. दम लागलेला असो, हात थरथरत असो, एक फुंक कुणालाही मारता येते. ती कुणीही मारली तरी सगळ्यांनी थांबायचं. नव्या पोराने मारली तरी.

एक भांडण मात्र शिट्टीनेही सुटलं नाही. पाठीच्या कण्याला मार असेल अशी शंका आली तर माणसाला लाकडाच्या ओंडक्यासारखं एकसंध कुशीवर वळवायचं असतं. चौघं लागतात, आणि हुकूम डोक्यापाशी बसलेल्याचा. त्याने मान धरलेली असते म्हणून. तो मोजणार एक, दोन, तीन. नाहीतर ओंदु, एरडु, मूरु. पण वळवायचं तीनवर की तीननंतर? आम्ही दोन रविवार यावरून भांडलो. शेवटी ठरलं की मोजायचंच नाही. डोक्यापाशी बसलेला म्हणेल "तयार?", प्रत्येक जण आपलं "हो" किंवा "हूं" म्हणेल, आणि मग "वळव". मराठीत 'वळव', कन्नडवाल्यांनाही चालला.

कारखान्यात काम केल्याचा फायदा दोराशी होतो. आमच्या क्रेनच्या हुकावर किती टन उचलायचं ते कोरलेलं असतं, आणि तो हुक प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट ताण सोसतो. दोराचंही तसंच. अकरा मिलीमीटरचा फारसा न ताणणारा दोर साधारण तीन टनांना तुटतो, पण आम्ही त्यावर दोन माणसांहून जास्त भार कधीच टाकत नाही. कारण गाठ मारली की ताकद घटते, ओला झाला की घटते, धारेवर घासला तर हिशेबच संपला. कॅराबिनरवर बावीस किलोन्यूटन कोरलेलं असतं, म्हणजे सव्वादोन टन, पण तोंड उघडं राहिलं तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाच तो गळून पडतो. आणि अँकर, म्हणजे दोर जिथे बांधायचा ती जागा! आमचा जांभा दगड भोकाभोकांचा, वरून कठीण नि आतून ठिसूळ. त्यात बोल्ट ठोकून भरवसा ठेवणं म्हणजे भाकरीत खिळा ठोकणं. म्हणून आम्ही झाडं शोधतो. जिवंत, मांडीहून जाड, मूळ उघडं न पडलेलं झाड. दोन झाडांना बांधायचं तर दोन दोरांमधला कोन बारीक ठेवायचा. सुभेदार हे गोधडीवरून शिकवतात. ओली गोधडी वाळत घालताना दोरी जितकी ताणून बांधाल तितके दोन्ही खुंटे लवकर उपटतात. थोडी ढिली सोडा, खुंटे राहतात. कोन एकशेवीस अंशांवर गेला की दोन्ही झाडांवर प्रत्येकी पुरा भार येतो, म्हणजे दोन झाडं घेऊन उपयोग शून्य. हे गणित माझं. पोरांच्या लक्षात राहिली ती गोधडी.

दोरांची वही असते. कधी घेतला, कुठे वापरला, कधी झटका बसला. दर वापरानंतर बादलीभर पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि मग डोळे मिटून हातातून सरकवत बघायचा. कुठे मऊ लागला, कुठे गाठीसारखा फुगला, की तो दोर बाद. बाद झालेल्या दोराचे आम्ही दोन-दोन हातांचे तुकडे करतो. पहिल्यांदा नाही केले. गल्लीतल्या मंडळाने गणपतीची ट्रॉली ओढायला मागून नेला, आणि मिरवणूकभर माझं लक्ष मूर्तीकडे नव्हतंच.

खाणीतल्या त्या लोंबकळण्यानंतर मी वाचायला लागलो. इंग्लंडमध्ये १९२८ साली लॅडो नावाच्या कड्यावर एका गिर्यारोहकाचं मांडीचं हाड मोडलं. सोबत्यांनी त्याला जमेल तसं उचलून खाली आणलं. ना धड स्ट्रेचर, ना वेदना थांबवायला काही. पुढे तो पाय कापावा लागला. मँचेस्टरचे सर्जन विल्सन हे ('हे' हे त्यांचं आडनाव) यांचं मत असं पडलं की मूळ इजेपेक्षा त्या वाटेवरच्या हालांनी आणि वेदनेनेच जास्त नुकसान केलं. त्यातून गिर्यारोहण क्लबांची समिती झाली, डोंगरासाठी वेगळं स्ट्रेचर तयार झालं, आणि तिथल्या स्वयंसेवी पथकांचा पाया घातला गेला. या डॉक्टरांनी पथकांना मॉर्फिन पुरवायला सुरुवात केली, कायद्यात बसत नसताना. १९४९ मध्ये त्यांच्यावर खटला होऊन दहा पौंड दंड झाला. नंतर सरकारने पथकांना मॉर्फिन बाळगायची परवानगी दिली. दहा पौंडांत इतकं मोठं काम झालेलं मी दुसरं ऐकलेलं नाही.

आमच्याकडे मॉर्फिनचा विषयच नको. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायची नाही, आणि डोक्याला मार असेल तर तोंडाने पाणीही नाही, असं सिस्टरांनी बजावलेलं आहे. कायद्याचं म्हणाल तर रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने संरक्षण दिलंय. धबधब्यातून काढणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही, कारण धबधब्यावर मोटार नसते. म्हणजे चार-पाच तास एका मोडलेल्या माणसाला घेऊन जंगलातून चालायचं, आणि त्याच्या वेदनेवर आपल्याकडे काहीच नाही. फक्त तोंड आहे.

मग आम्ही एक नवीन जागा काढली. स्ट्रेचर उचलणारे सहा किंवा आठ, दोर सांभाळणारे वेगळे, वाट काढणारा पुढे, आणि एक जण पेशंटच्या डोक्यापाशी. त्याने काही उचलायचं नाही, दोराला हात लावायचा नाही. फक्त पेशंटला आपला चेहरा दिसेल असं चालायचं आणि बोलत राहायचं. पुढे काय होणार ते आधी सांगायचं: आता उचलतोय, आता डावीकडे कलंडेल, आता पाण्यातून जातोय, थंड लागेल. सुभेदारांना हे सुरुवातीला पोरकट वाटलं. "धडधाकट गडी बोलायला ठेवायचा?" पण जागा माझ्याच वाट्याला आली, कारण माझे गुडघे तसेही गेलेत आणि मला बोलायची खोड आहे.

पहिली खरी वेळ आली दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबरात. जांबोटीच्या पुढे, जंगलातला एक ओढा. नाव सांगत नाही, उगाच गर्दी वाढायची. हुबळीकडचा कॉलेजचा मुलगा, मित्रांबरोबर आलेला, वीस-बावीस वर्षांचा. धबधब्याच्या बाजूने उतरताना घसरून दहा-बारा फूट खाली आदळला. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे तीन. नडगी मोडलेली, कपाळाला खोक, अंग कुडकुडत होतं. ऐन सप्टेंबरात थंडी कसली, असं लोकांना वाटतं. पण ओल्या दगडावर, वाऱ्यात, भिजलेल्या कपड्यात दोन तास पडून राहिलं की आपल्या सह्याद्रीतसुद्धा अंगातली ऊब निघून जाते. वरून पांघरूण घालण्याआधी खाली काहीतरी सरकवायचं असतं. दगड ऊब ओढून घेतो, हवेपेक्षा जास्त.

आमच्याआधी तिथे जवळच्या गवळीवाड्यातले एक मामा पोचले होते. म्हशींमागे फिरताना पोरांची हाक ऐकून आले. त्यांनी कुणी न सांगता आपलं घोंगडं दुमडून पोराच्या पाठीखाली सरकवलं होतं. भिजलेलं होतं तरी ऊबदार. लोकर भिजली तरी ऊब धरते, हे मला खूप वाचून कळलं होतं. मामांनी ते वाचलेलं नव्हतं.

सिस्टरांनी पाय बांधला, बोटांना चिमटा काढून रक्त फिरतंय का बघितलं. "तयार?" "हो." "हूं." "हो." "वळव." पट्टे आवळले. मी डोक्यापाशी. त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "नन्न मोबाईल एल्लैति री?" माझा मोबाईल कुठाय? त्याचा मोबाईल माझ्याच खिशात होता, प्लास्टिकच्या पिशवीत, बंद पडलेला. मी माझ्या मोडक्या कन्नडात सांगितलं की माझ्याकडे आहे, हेदरब्याड्री, घाबरू नका. तो "हां री" म्हणाला. एक मिनिटाने परत, "नन्न मोबाईल एल्लैति री?"

मी सिस्टरांकडे बघितलं. डोक्याला मार बसला की असं होतं, त्या म्हणाल्या. आत्ताचं टिकत नाही. चिडू नका, दर वेळी तेच उत्तर द्या, त्याच शब्दांत. उत्तरं बदलली तर तो आणखी गोंधळेल. आणि मध्ये विचारायचा थांबला, किंवा बडबड अडखळायला लागली, तर लगेच मला सांगा.

रस्ता दोन किलोमीटर. चार तास लागले. दर पन्नास-साठ पावलांना उचलणारे बदलायचे, ओढा तीन वेळा ओलांडायचा, बांबूच्या बेटातून तिरकं काढायचं. मामा पुढे कोयत्याने फांद्या उडवत होते. जळवा सगळ्यांच्या पायांवर, कुणाला सवड नाही. सुभेदार मागून पुटपुटत होते, "सावकाश, सावकाश. धावलालास कशाला? गाडी काय सुटूलालीय?" आणि मी चालता चालता बोलत होतो. तुमच्या कॉलेजात काय शिकवतात? घरी कोण कोण? शेतात काय लावलंय? त्याने सांगितलं, मिरची आणि कापूस. मी सांगितलं, आमच्याकडे रताळी. आता उचलतोय हां. आता थंड लागेल. माझं कन्नड संपलं की मी मराठीत बोलायचो, आणि त्याला आवाज पुरेसा होता. मोबाईलचं मी मोजलं नाही. तीसेक वेळा असेल. पाणी मागायचा. सिस्टर ओल्या कापडाने ओठ पुसायच्या.

अंधार पडायला लागला तेव्हा त्याने पहिल्यांदा वेगळं काही विचारलं. विचारलं नाही, सांगितलं. "अव्वाग हेळब्याड्री." आईला सांगू नका.

मी "इल्ल री" म्हटलं. नाही सांगत. ते म्हणताना मला आठवलं की माझी आई घरी असं धरून चाललीय की मी रविवारी टेकडीवर फिरायला जातो, वजन कमी करायला. आणि वजन कमी का होत नाही म्हणून तिची वेगळी काळजी चालू असते.

रस्ता अजून अर्धा किलोमीटर असेल, आणि एका चढावर कुणाच्यातरी खिशात टुण्‌ वाजलं. रेंज आली होती. गोव्यात आपले स्वागत आहे, असा मेसेज. लगेच त्याच्या मित्राचा फोन वाजायला लागला. स्क्रीनवर त्या मुलाच्या आईचं नाव. मित्र माझ्याकडे बघायला लागला, अगदी रडवेला. त्याने आधीचे किती चुकवले होते कुणास ठाऊक. मी हात पुढे केला, फोन घेतला, उचलला आणि काही न बोलता त्या मुलाच्या कानापाशी धरला, टॉवेलाची गुंडाळी बोटाने जरा बाजूला करून.

स्ट्रेचर उचलणाऱ्या आठ जणांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं. शिट्टी वाजली नव्हती. तरी ते थांबले. चढावर, तिरक्या उतारावर पाय रोवून, स्ट्रेचर कमरेच्या उंचीला तसंच धरून. खाली ठेवलं नाही. पंक्चरवाल्याच्या मनगटाची शीर दिसत होती मला, टॉर्चच्या उजेडात. त्याच्या पायाला लागलेली जळू टमटमीत झाली होती.

"ऊटा आतव्वा," तो मुलगा म्हणाला. जेवण झालं गं. आवाज स्वच्छ, अडखळणं नाही, कापरं नाही. "नाळी बर्तीनि." उद्या येतो. पलीकडून बरंच काही आलं, त्याने "हूं, हूं" केलं, आणि शेवटी जरा चिडल्यासारखं, जसं कुठलाही मुलगा आईला म्हणतो तसं, "आत् बिडव्वा." झालं, सोड आता.

मी फोन काढून घेतला. गुंडाळी परत कानावर बसवली. आठ जण उचललेल्या ओझ्यासकट पुढे निघाले. मामांचा कोयता परत चालू झाला. दहा-बारा पावलं गेली असतील.

"नन्न मोबाईल एल्लैति री?"

"माझ्या खिशात," मी म्हटलं.